चिखलातला पाय

मंगळवार-शुक्रवार, साडेदहा.
ऐरोली, सेक्टर आठ, टाइल्सच्या दुकानावरचा हॉल.
जिना चढतानाच अर्धा व्यायाम होतो
असं आम्ही दर वेळी म्हणतो
आणि दर वेळी हसतो,
हसताना एक हात कठड्यावर, एक पोटाखाली.

सात जणी. सात चटया.
आठवी सोमवारी रात्रीच दवाखान्यात गेली,
तिची चटई ओतारी मॅडमनी गुंडाळून
कोपऱ्यात उभी केली आहे.
आम्ही तिच्याकडे पाहत नाही.
पाहतोच.

"पावलं बाहेर वळवा, टाचा जमिनीला.
आता खाली बसा. घाई नाही.
श्वास नाकातून आत, चार.
तोंडातून बाहेर, आठ.
जबडा सैल सोडा. जबडा आवळला
की खालचंही सगळं आवळतं."

जबडा सोडायला सांगितलेलं
आयुष्यात हे पहिल्यांदाच.
बत्तीस वर्षं मला कोणी ना कोणी
तोंड मिटायलाच सांगत आलंय.

उजवीकडे कॉन्स्टेबल गायकर.
बंदोबस्तात दहा-दहा तास उभी राहिलेली बाई,
पण बसायची वेळ आली की गुडघे थरथरतात.
डावीकडची फरझाना आकडे मोजता मोजता
ब्लाउजांच्या हिशेबात शिरते.
मी सहापर्यंत पोचते आणि अडकते.
मागच्या खेपेला अकराव्या आठवड्यात
जे निघून गेलं, ते
सहा आणि सातच्या मध्ये कुठेतरी बसलेलं असतं.
मॅडम मागून येतात, कमरेवर तळवा ठेवतात.
काही बोलत नाहीत.

घरी, दिवा गावात,
भिंतीला पाठ लावून मी सराव करते
तर सासूबाई दारात,
कमरेवर खुब्यांची पाटी.
"याचं पैशे देतंस तू?"
महिन्याला अठराशे. मी आकडा सांगत नाही.

त्या पाटी उतरवतात, लुगडं सावरतात
आणि माझ्यासमोर खाली बसतात,
एकसष्टाव्या वर्षी, टाचा जमिनीला,
आपण सोफ्यावर टेकतो तशा.
माझा नवरा पोटात होता तेव्हा
ओहोटीभर अशाच बसायच्या खाडीत, खुबे काढत.
मी म्हणते, मग सोपं गेलं असेल तुम्हाला.
"कुनी सांगतला?"

दीड दिवस. सुईणीने हात टेकले होते.
आणि त्याच्या आधीची एक
राहिलीच नाही.

लग्नाला चार वर्षं झाली,
हे मला कुणी बोललं नव्हतं.
नवऱ्यालाही ठाऊक नसावं.

मग त्या खुबे निवडायला घेतात
आणि विषय बदलावा तसं चिखलाचं बोलू लागतात:
"पाय रुतला ना, त खेचाचा नाय.
खेचलास त चिखल धरून ठेवतंय.
उबी रव. दम सोर.
टाच जराशी हलव, बाजूनं वारा जाऊं दे.
मंग त्योच सोरतंय."

शुक्रवारी हे मी मॅडमना सांगितलं.
त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं:
टाच, वारा, दम.
मग विचारलं, येतील का त्या एकदा इथे?

आल्या नाहीत.
म्हणाल्या, मला काय येतंय त्यातला,
आनि तो जिना.

पण काल रात्री पोटरीत गोळा आला,
मी ओरडले,
तेव्हा लाइट न लावताच आल्या.
माझं पाऊल मांडीवर घेतलं,
अंगठा धरून हळूहळू
माझ्याकडे वळवत राहिल्या.
खिडकीतून ओहोटीचा वास येत होता,
खारट, थोडा कुजका.
मी मोजत होते. चार, पाच.
सहाला थांबले.
अंधारात त्या म्हणाल्या, "सात,"
आणि आठच्या आत
त्यांनाच डुलकी लागली,
माझं पाऊल मांडीवर तसंच धरून.